भिंती नेटवर्कमध्ये येणार असतील, तर अटी आधी ठरवा

मुंबईची भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी अशी सुरू झाली. गाड्या नव्या, स्थानकं प्रशस्त, पण जमिनीखाली उतरलं की मोबाइल मुका. पुढचे टप्पे खुले होत गेले तरी प्रवाशांची ही ओरड चालूच राहिली. अडचण तंत्राची नव्हती. बोगद्यात नेटवर्क कसं पोहोचवायचं हे जगाला कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. वाद होता तो यंत्रणा कोणी बसवायची, जागेचे पैसे कोणी कोणाला द्यायचे आणि एकाने बसवलेली यंत्रणा बाकीच्यांनी कोणत्या दराने वापरायची, याचा. भुर्दंड पडला तो प्रवाशांना.

हे आत्ता सांगायचं कारण, असाच वाद शहरातल्या भिंतीभिंतींवर उभा राहू शकेल असं एक तंत्र प्रयोगशाळेबाहेर पाऊल टाकतंय. अभियंते त्याला ‘रीकॉन्फिगरेबल इंटेलिजेंट सरफेस’ किंवा थोडक्यात आरआयएस म्हणतात. मी इथे परावर्तक फलक म्हणतो. भिंतीवर, छतावर किंवा खिडकीच्या काचेवर लावायचा हा फलक मोबाइलच्या लहरी हव्या त्या दिशेला वळवतो. जिथे टॉवर थेट दिसत नाही तिथे भिंतीवरून वळून सिग्नल पोहोचतो. हे तंत्र आपल्याला हवं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते एकेका कंपनीची खासगी मालमत्ता म्हणून सार्वजनिक भिंतींवर चढता कामा नये. फलक सर्व कंपन्यांसाठी सामायिक असला पाहिजे, त्याची जाहीर नोंद असली पाहिजे आणि टॉवरला पर्याय म्हणून तो कोणाच्या गळ्यात मारला जाऊ नये. या तीन गोष्टी पहिला फलक लागण्याआधी नियमांत याव्यात.

फलकाची रचना फार गूढ नाही. जवळून पाहिला तर तो सर्किट बोर्डच वाटतो. पुढच्या बाजूला तांब्याचे छोटे चौकोन ओळीने मांडलेले, प्रत्येक चौकोनाला सोल्डर केलेला एक इवलासा डायोड, मागे तांब्याचा अखंड थर आणि कडेने नियंत्रकाकडे जाणाऱ्या तारा. डायोडला वीज दिली की तो चौकोन आलेली लहर एका ठरावीक उशिराने परतवतो. वीज काढली की तो उशीर बदलतो. एकट्या चौकोनाने काही साधत नाही. शेकडो-हजारो चौकोनांचे उशीर असे जुळवायचे, की त्या सगळ्यांकडून परतलेल्या लहरी एका ठरलेल्या जागी एकाच तालात येऊन मिळाव्यात. तसं झालं की त्या जागी सिग्नल उभा राहतो. आरशावर प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. इथे परतण्याची दिशा सॉफ्टवेअर ठरवतं आणि माणूस हलला तर तीही बदलतं. फलकात अॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणारा भाग, नसतो. त्यामुळे वीज लागते ती डायोड आणि नियंत्रक चालण्यापुरतीच.

चौकोनांतलं अंतर साधारण अर्ध्या तरंगलांबीइतकं ठेवतात. आपल्याकडे ५जी मुख्यतः चालतं ते ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ८.६ सेंटिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये साडेपाचशेच्या आसपास चौकोन बसतात. २६ गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. तेवढ्याच जागेत ३० हजार चौकोन मावतात. ७०० मेगाहर्ट्झला मात्र वीस-बावीसच. चौकोनांची संख्या दुप्पट केली की ठरलेल्या जागी पोहोचणारी ताकद चौपट होते, कारण दुप्पट फलक दुप्पट लहरी झेलतो आणि वर दुप्पट नेमकेपणाने एकवटतो. डायोडच्या दोनच स्थिती ठेवल्या तरी आदर्श फलकाच्या सुमारे ४० टक्के ताकद मिळते, चार स्थिती ठेवल्या तर ८१ टक्के. साधा, स्वस्त फलकही कामाचा ठरतो तो यामुळे.

हे सगळं कागदावरचं गणित नाही. चीनमधल्या नानजिंगच्या साउथईस्ट विद्यापीठात त्सुई त्येजुन यांच्या गटाने २०१४ मध्ये शून्य आणि एक अशा दोन स्थितींच्या चौकोनांनी लहरी वळवून दाखवल्या. २०१८ च्या अखेरीस टोकियोत एनटीटी डोकोमो आणि मेटावेव्ह या कंपन्यांनी २८ गिगाहर्ट्झवर चाचणी घेतली. परावर्तक नसताना ६० मेगाबिट असलेला वेग परावर्तक लावल्यावर ५६० मेगाबिटपर्यंत गेला. दोन वर्षांच्या आत डोकोमोने काच बनवणाऱ्या एजीसी कंपनीबरोबर पारदर्शक फलकाची चाचणी घेतली, जो खिडकीवर लावता येतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये वेंकट अरुण आणि हरी बालकृष्णन यांनी २०२० मध्ये ३,२०० स्वस्त चौकोनांची भिंत उभी केली. तिच्यामुळे इमारतीच्या आत सिग्नलची ताकद मध्यकाच्या हिशेबाने साडेनऊ पट वाढली आणि माहिती वाहून नेण्याची क्षमता दुप्पट झाली. त्यांची पद्धत मला विशेष आवडते. चौकोन कसेही चालू-बंद करून पाहायचे, घेणाऱ्या यंत्राकडे सिग्नल वाढला की घटला हे विचारायचं आणि प्रत्येक चौकोनाची योग्य स्थिती बहुमताने ठरवायची. टॉवरला किंवा फोनला हात लावावा लागत नाही.

आता आपल्या भिंतींकडे येऊ. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या मॉडेलप्रमाणे ३.५ गिगाहर्ट्झची लहर काँक्रीटच्या भिंतीतून जाताना सुमारे १९ डेसिबल गमावते, म्हणजे आत पोहोचतो तो ऐंशीतला एक भाग. साध्या खिडकीच्या काचेतून जवळजवळ निम्मी आत येते. पण उष्णता अडवण्यासाठी धातूचा पातळ लेप दिलेली काच असेल, तर अडीचशेतला एकच भाग उरतो. २६ गिगाहर्ट्झला काँक्रीटपलीकडे व्यवहारात काहीच जात नाही. ऑगस्ट २०२२ च्या लिलावात याच २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जिओने देशभर १,००० आणि एअरटेलने ८०० मेगाहर्ट्झ घेतले. एवढा रुंद पट्टा विकत घेऊन त्यातली लहर रस्त्याच्या कोपऱ्यावर अडते, हे त्यांनाही परवडणारं नाही. त्यामुळे फलक येणार. कोणाच्या अटींवर येणार, हा प्रश्न उरतो.

सामायिकपणाचा आग्रह मी धरतो तो केवळ न्यायाच्या भावनेने नाही. त्यामागे पदार्थविज्ञान आहे. फलकाचे चौकोन एका कंपनीचीच लहर ओळखून वळवतील असं होत नाही. त्यांचा प्रतिसाद रुंद पट्ट्यावर पसरलेला असतो, आणि आपल्याकडे ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तिन्ही खासगी कंपन्या एकमेकींना खेटून आहेत. एका कंपनीने आपल्या टॉवरसाठी फलक जुळवला की शेजारच्या कंपन्यांच्या लहरीही त्याच फलकावर आपटतात आणि भलतीकडे जातात. शिवाय फलकाची स्थिती बदलेल तशी त्यांची दिशाही बदलते. फोन आणि टॉवर सतत एकमेकांमधल्या वाटेचा अंदाज घेत असतात. तो अंदाज घेऊन होतो न होतो तोच वाट बदललेली असते. ज्या कंपनीचा त्या फलकाशी काही संबंध नाही, तिच्या ग्राहकाचं नेटवर्क अशा वेळी डळमळतं, आणि का डळमळलं हे तिला कळायला मार्ग नसतो. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी हा परिणाम गणिताने मांडून दाखवला आहे. एका चौकात तीन कंपन्यांचे तीन फलक समोरासमोर लागले आणि तिघांचे नियंत्रक एकमेकांशी बोलत नसले, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

उपाय आहे. फलकाचा मालक कोणतीच मोबाइल कंपनी नसावी. महापालिका, सोसायटी किंवा पायाभूत सुविधा पुरवणारी तटस्थ संस्था यांच्यापैकी कोणी तो बसवावा आणि सर्व कंपन्यांना समान दराने द्यावा. फलकाचे भाग पाडता येतात, वेळ वाटून देता येतो. तिन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर असतील तर एकच मांडणी तिघांनाही बऱ्यापैकी चालते. सक्तीने वाटायचं म्हटलं तर गुंतवणूक कोण करील, असा आक्षेप येईल. त्याचं उत्तर आपल्याच देशात आहे. भारती, व्होडाफोन आणि आयडिया या कट्टर स्पर्धकांनी २००७ मध्ये इंडस टॉवर्स ही सामायिक टॉवर कंपनी काढली. लोखंड, डिझेल, जागा यांचा खर्च वाटला गेला आणि गावोगाव रेंज पोहोचण्याचा वेग वाढला. भारतात मोबाइल स्वस्त झाला, त्यात टॉवर वाटून घेण्याचा मोठा हात आहे. टॉवरला जे जमलं ते फलकाला न जमण्याचं कारण नाही.

कायद्यात मात्र फलकाची जागा अजून नक्की नाही. टॉवर, खांब, नळ्या या ‘निष्क्रिय’ सुविधा आहेत. त्या उभारणाऱ्याला लहरी वापरण्याचा परवाना लागत नाही. रिपीटर किंवा बूस्टर हे रेडिओ उपकरण आहे, ते परवानगीशिवाय बसवणं बेकायदा आहे आणि दूरसंचार विभाग वेळोवेळी छापे घालून असे बूस्टर उतरवतो. ते योग्यच आहे, कारण घरगुती बूस्टर गोंगाटही वाढवून पाठवतो आणि आख्ख्या वस्तीचं नेटवर्क खराब करतो. फलक या दोहोंच्या मध्ये आहे. तो सिग्नल वाढवत नाही, पण वळवतो. त्याला सॉफ्टवेअर आहे, म्हणून तो मुका खांबही नाही. त्याला नुसता पत्रा समजून मोकळं सोडलं तर वर सांगितलेला गोंधळ होईल. बूस्टरच्या रांगेत बसवलं तर एखादी सोसायटी किंवा सरकारी दवाखाना तो कधीच लावू शकणार नाही. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये झाला, मार्गाधिकाराचे, म्हणजे टॉवर आणि तारांसाठी जागा वापरू देण्याचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. या चौकटीत फलकासाठी स्वतंत्र, हलकी वर्गवारी करावी. मालक तटस्थ असेल, नोंदणी केली असेल आणि नियंत्रणाची किल्ली नेटवर्कच्या देखरेखीखाली असेल, तर परवानगी आपोआप मिळावी.

जगही अजून चाचपडतंय, हे आपल्या पथ्यावर पडणारं आहे. युरोपच्या ईटीएसआय या मानक संस्थेने २०२१ मध्ये फलकांसाठी अभ्यासगट नेमला. थ्रीजीपीपीने मात्र आपल्या मानकांच्या रिलीज १८ या आवृत्तीत नेटवर्कच्या हुकमावर चालणारा रिपीटर घेतला आणि फलक बाजूला ठेवला. म्हणून ६जीची मानकं ठरताना भारताने सामायिक वापराची तरतूद आग्रहाने मांडावी. मार्च २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘भारत ६जी व्हिजन’मागे पेटंटची मोठी स्वप्नं आहेत. एका फलकावर तीन कंपन्या गुण्यागोविंदाने कशा नांदतील, हा आपल्या गर्दीच्या शहरांचा खास प्रश्न आहे आणि त्यावर पेटंट इथूनच निघायला हवीत. पवईला आयआयटीच्या आवारात ‘समीर’ ही मायक्रोवेव्हवर काम करणारी सरकारी संस्था आहे. राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत असा फलक बनवायला लागणारी सामग्री महाग नाही. तांब्याचा बोर्ड, डायोड आणि एक नियंत्रक एवढ्यावर चांगला प्रकल्प उभा राहतो.

फलक पहिल्यांदा कुठे लावायचे, यावर माझं मत ठाम आहे. बाजारावर सोडलं तर ते मॉल, विमानतळ आणि काचेच्या कार्यालयांत लागतील. खरी गरज दुसरीकडे आहे. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये शेजारच्या दोन इमारतींत जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन येत नाही, हवा खेळत नाही, आणि त्याचा क्षयरोगाशी असलेला संबंध अभ्यासकांनी दाखवून दिलेला आहे. अशा फटीत ३.५ गिगाहर्ट्झची लहरही छतावरून थेट उतरत नाही. भिंतींवर आपटत, ताकद गमावत खाली येते. तिथल्या मुलाची शिष्यवृत्तीची नोंदणी, बाईचं रेशनचं ओटीपी, रिक्षावाल्याचं यूपीआय सगळं मोबाइलवर आहे. दोन इमारतींच्या माथ्याजवळ आणि फटीच्या भिंतींवर मोजके फलक लावून ही लहर खाली उतरवता येईल. तिथे टॉवर हलत नाही, इमारतीही हलत नाहीत. त्यामुळे बऱ्याच जागी सॉफ्टवेअरवाल्या फलकाचीही गरज नाही. टोकियोतला २०१८ चा परावर्तक होता तसा आधीच कोन बसवून दिलेला स्थिर परावर्तक पुरेल. त्याला वीज नको, देखभाल किरकोळ. जिथे साध्याने भागतं तिथे महागडा हुशार फलक खरेदी करण्याचा मोह पालिकेने टाळावा.

ज्या इमारती स्वतः सिग्नल अडवतात, त्यांच्यावर मात्र जबाबदारी टाकायला हवी. धातूचा लेप दिलेल्या काचेने विजेचं बिल वाचतं, ते वाचावंच. पण तिच्यामुळे आतला सिग्नल अडीचशेतला एक भाग होतो, त्याची भरपाई बांधणाऱ्याने करावी. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम काढले. ते ऐच्छिक आहेत. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या इमारतींसाठी ही गोष्ट सक्तीची करता येईल. मोठ्या इमारतीत अग्निसुरक्षेची सोय नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही. जिन्यात आणि तळघरात फोन लागत नसेल तर ते का मिळावं? आग लागली तर माणूस तिथूनच फोन करणार असतो.

आता डोंगराळ भागाकडे वळतो, कारण तिथे या तंत्राच्या नावाखाली फसवणूक होण्याची मला धास्ती वाटते. नंदुरबारमधलं धडगाव, नाशिकमधलं सुरगाणा, कोकणातल्या घाटाखालच्या वाड्या. लॉकडाउनमध्ये मुलं रेंजसाठी डोंगर चढून जात होती, ते आपण विसरलेलो नाही. उद्या कोणी म्हणेल, टॉवर कशाला, कड्यावर एक फलक लावू आणि सिग्नल दरीत वळवू. हा हिशेब करून पाहा. टॉवरपासून कडा दोन किलोमीटर, कड्यापासून वाडी एक किलोमीटर, आणि मोकळ्या हवेत थेट तीन किलोमीटरवर जेवढा सिग्नल मिळतो तेवढा वळवून हवा आहे असं धरू. ७०० मेगाहर्ट्झला त्यासाठी आदर्श फलकही जवळजवळ २९० चौरस मीटरचा लागतो, म्हणजे १७ मीटर लांब आणि १७ मीटर उंच, सह्याद्रीच्या पावसात आणि वाऱ्यात उभा. कारण टॉवरपासून फलकापर्यंत आणि फलकापासून फोनपर्यंत अशा दोन्ही टप्प्यांतल्या घटी इथे एकमेकींनी गुणल्या जातात. तोच हिशेब शहरातल्या कोपऱ्यावर करा. टॉवर १०० मीटरवर, घर फलकापासून २० मीटरवर. ३.५ गिगाहर्ट्झला दीड चौरस मीटरच्या आत काम होतं. २६ गिगाहर्ट्झला ४५ सेंटिमीटरचा चौकोनी फलक पुरतो. जागा जवळची आणि लहर छोटी असेल तिथे फलक उत्तम. लांब दरीत त्याचा उपयोग नाही. जिथे मुळात लहरच पोहोचत नाही तिथे वळवायचं काय? तिथे टॉवर, वीज आणि फायबरच हवं. केंद्राने जुलै २०२२ मध्ये २४,६८० गावांना ४जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. त्या कामाचा एक रुपयाही फलकांच्या नावाने वळता होऊ नये.

नोंदणीचा आग्रह का, तेही सांगतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या राइस आणि ब्राउन विद्यापीठांच्या संशोधकांनी साधा कागद, प्रिंटर, धातूचा वर्ख आणि लॅमिनेटर यांच्या मदतीने काही मिनिटांत एक पातळ परावर्तक तयार केला आणि त्याने १५० गिगाहर्ट्झच्या जोडणीतला काही भाग चोरून दुसरीकडे वळवून दाखवला. जोडणीच्या दोन्ही टोकांचं बोलणं मात्र अखंड चालू राहिलं. त्यामुळे भिंतीवरचा अनोळखी फलक ही संशयाची गोष्ट आहे. कोणत्या भिंतीवर कोणाचा फलक आहे हे कुणालाही पाहता आलं पाहिजे. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ पोर्टल २०१७ पासून टॉवर आणि त्यांच्या किरणोत्सर्गाची माहिती देतं; फलकांची नोंद तिथेच व्हावी. किरणोत्सर्गाची भीती घेऊन सोसायट्यांच्या सभा तापतात, त्यांनाही याचा उपयोग होईल. फलक नवी ऊर्जा निर्माण करत नाही. मात्र तो आहे ती ऊर्जा एका जागी एकवटतो, म्हणून मोजमाप त्या एकवटलेल्या जागी व्हावं. भारताने सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा ठेवली आहे. तिच्या आत राहणं फलकाला अवघड नाही, पण ते मोजून दाखवलं पाहिजे.

ट्रायने या विषयावर आत्ताच सल्लामसलत सुरू करावी आणि तिच्यात पहिला प्रश्न मालकीचा असावा. राज्य सरकार आणि मुंबई महापालिका यांना तोवर थांबण्याचं कारण नाही. एका पुनर्वसन वसाहतीत आणि एका पालिका रुग्णालयाच्या तळघरात चाचणी घ्या, आयआयटी आणि ‘समीर’कडून आधीचं आणि नंतरचं मोजमाप करून घ्या, आकडे जाहीर करा. निविदेत एक अट घाला: भिंत पालिकेची, फलक पालिकेचा, आणि कोणत्याही कंपनीचं सिमकार्ड असलेल्या माणसाला तिथे फोन लागला पाहिजे.